रेंज जाणं ही चूक नाही : फिरत्या यंत्रांसाठी भाषा घडवणाऱ्यांशी वऱ्हाडातून एक वाद

 

आजचा विषय नावाने जड आहे: मोबाइल वितरित प्रणालींसाठी प्रोग्रामिंग भाषा. नाव आधी सोपं करून घेऊ. एक काम आहे, ते एकाच यंत्रावर होत नाही, अनेक यंत्रांत वाटलेलं आहे. त्यातली काही यंत्रं माणसं खिशात घालून फिरतात. फिरताना ती यंत्रं कधी एकमेकांच्या संपर्कात असतात, कधी नसतात. अशा यंत्रांना काय करायचं हे सांगायला वेगळी भाषा लागते का, आणि ती कशी असावी, यावर संशोधक गेली चाळीसएक वर्षं डोकं लावून आहेत. त्यांच्या कामाची आपण आज चिकित्सा करू.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा भाषेची परीक्षा रेंज असताना होत नाही. रेंज गेल्यावर ती भाषा काय काय बोलू देते, यावर ती जोखायची. या कसोटीवर चांगल्यातल्या चांगल्या भाषाही एका जागी अडखळतात. ‘सांगितलं आहे, पण अजून ऐकलं गेलेलं नाही’ ही जी अवस्था आहे, तिच्यासाठी त्यांच्याकडे पुरेसे शब्द नाहीत. आणि ज्या अवस्थेला शब्द नसतो, तिचा भुर्दंड शेवटी रेंजबाहेरच्या माणसावर पडतो.

हे वऱ्हाडातून बोलायला कारण आहे. अमरावती जिल्ह्यात धारणी तालुक्यातलं हरिसाल आठवा. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१९च्या लोकसभा प्रचारात तेच गाव राज ठाकरे यांच्या सभांत पडद्यावर आलं, दावे खोटे आहेत म्हणून. वाद काय झाला? इंटरनेट आहे की नाही. एक बाजू म्हणाली आहे, दुसरी म्हणाली नाही. मेळघाटात राहणाऱ्या माणसाचा अनुभव या दोन्ही उत्तरांत बसत नाही, राजेहो. तिथे इंटरनेट ‘असतं-नसतं’. टेकडीवर असतं, नाल्यात नसतं. सकाळी असतं, वीज गेली की नसतं. आमचं म्हणणं असं की राजकारण्यांनी जशी ‘आहे-नाही’ची भाषा वापरली, तशीच संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांनीही बराच काळ वापरली.

आता एक रोजचं काम घेऊ, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना बारावर पीक लिहायचा. आता कास्तकार स्वतः वावरात उभा राहून फोनमधून फोटो काढतो, जागेची नोंद उपग्रहावरून होते आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. कल्पना चांगली आहे, कास्तकाराच्या हाती लेखणी देणारी आहे. पण तांत्रिक नजरेने पाहा: लाखो फोन, एक मध्यवर्ती नोंदवही, ठरलेली मुदत, आणि मध्ये येणारं-जाणारं नेटवर्क. म्हणजे पुस्तकातली मोबाइल वितरित प्रणाली आपल्या धुऱ्यावर येऊन उभी आहे. तिच्या एका टोकाला सोयाबीन, तूर नाहीतर पऱ्हाटीची नोंद आहे, आणि त्या नोंदीवर हमीभावाची खरेदी, नुकसानीची मदत अशा गोष्टी टांगलेल्या आहेत.

हे डोळ्यांसमोर ठेवून संशोधकांकडे जाऊ.

पहिला टप्पा ‘अंतर नाहीच असं समजा’ या विचाराचा. १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या झेरॉक्सच्या संशोधकांनी दूरच्या यंत्रावरची प्रक्रिया जवळच्यासारखीच हाक मारून कशी चालवायची, यावर निबंध लिहिला. आज आपण जे जे ‘सर्व्हरला कॉल करतो’, त्याचं मूळ या कामात आहे. या दोघांवर टीका करताना न्याय राखला पाहिजे, कारण ते भाबडे नव्हते. त्यांनी स्वच्छ सांगितलं: हाकेला उत्तर आलं, तर काम नेमकं एकदा झालं. उत्तराऐवजी अपवाद आला, म्हणजे एक्सेप्शन आलं, तर काम एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल. कोणतं ते हाक मारणाऱ्याला कळणार नाही.

हे वाक्य वावरात उभं राहून पुन्हा ऐका. ‘झालं असेल किंवा नसेल, कळणार नाही.’ फोनवर चकरी फिरते, मग लाल अक्षरांत येतं: नेटवर्क तपासा. नोंद चढली का? पुन्हा भरायची का? पुन्हा भरली तर दोनदा होईल का? संशोधकाने ज्याला प्रामाणिकपणे अनिश्चितता म्हटलं, ती भाषेने प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे सरकवली, आणि त्याने ती कास्तकाराकडे. साखळीत सर्वांत कमी माहिती ज्याच्याकडे, त्याच्याच डोक्यावर निर्णय.

१९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी या ‘अंतर नाहीच’ विचारावर सरळ हल्ला केला. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू एकसारखी वागवता येणार नाही, असं ते म्हणाले. दूरच्या हाकेला वेळ लागतो, स्मृती वेगळी असते, कामं एकाच वेळी चालतात, आणि मुख्य म्हणजे अर्धवट बिघाड होतो: एक टोक चालू, दुसरं बंद, आणि कोण बंद आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्याच परंपरेतून जावामध्ये नियम आला की दूरची हाक मारणाऱ्याने ‘इथे बिघाड होऊ शकतो’ हे लिहूनच द्यायचं. प्रगतीच म्हणायची. पण बिघाड लिहायला लावणं वेगळं आणि बिघाडात काय करायचं याचे शब्द देणं वेगळं. प्रोग्रामरने बिघाड पकडायचा चौकोन लिहिला आणि त्यात एकच ओळ टाकली: पुन्हा प्रयत्न करा. भाषेची सक्ती पूर्ण झाली, आणि रेंजबाहेरचा माणूस होता तिथेच राहिला.

दुसरा टप्पा फार लोभस आहे. हाक मारत बसण्यापेक्षा प्रोग्रामलाच पाठवून देऊ, असा तो विचार. १९९०च्या दशकात जनरल मॅजिक या कंपनीने टेलिस्क्रिप्ट नावाची भाषा केली. तिच्यात ‘जा’ अशी आज्ञाच होती. तुमचा प्रोग्राम फोनवरून निघायचा, दूरच्या यंत्रावर जाऊन तुमचं काम करायचा, आणि निकाल घेऊन परतायचा. तोवर तुमचा फोन बंद असला तरी चालेल. आपल्याकडे घरचं एखादं माणूस बाजाराला चाललं की त्याच्याजवळ निरोप, पैसे आणि चार सूचना देतात, तसंच हे. ही भाषा बाजारात टिकली नाही, पण तिच्यात रेंज नसण्याला जागा होती.

१९९८ मध्ये लुका कार्डेली आणि अँड्र्यू गॉर्डन यांनी याच विचाराला गणिताचं रूप दिलं. त्यांच्या ‘अँबियंट’ गणितात जग म्हणजे एकात एक असलेले वाडे. वाड्यात शिरणं, बाहेर पडणं, वाड्याची भिंत काढून टाकणं, एवढ्या तीन क्रिया. त्यांचं मोठेपण असं की भिंती आहेत हे त्यांनी मुळातच मान्य केलं. जगभर पसरलेलं सपाट, एकसंध जाळं त्यांनी गृहीत धरलं नाही. पण त्या मूळ गणितात वाटेत हरवणं नाही आणि उशीरही नाही. शिरायला दार नसेल तर प्रोग्राम वाट पाहत राहतो, अनंत काळ. सिद्धांतात अनंत काळ चालतो. पीक पाहणीच्या मुदतीत चालत नाही.

तिसरा टप्पा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यावर टीकाही जास्त. ब्रुसेल्सच्या व्रेये विद्यापीठात २००५च्या सुमारास अँबियंटटॉक ही भाषा आकाराला आली. ती खास फिरत्या यंत्रांसाठी होती. कोणताही मध्यवर्ती सर्व्हर नसताना जवळ आलेले फोन एकमेकांना ओळखतील आणि काम करतील, हा तिचा हेतू. तिच्या आधीची ई ही भाषा तिच्या मुळांपैकी एक. ई भाषेत दूरच्या वस्तूशी संपर्क तुटला की त्या वस्तूचा धागाच तुटतो, कायमचा. अँबियंटटॉकने उलट भूमिका घेतली: संपर्क तुटणं ही फिरत्या यंत्रांची नेहमीची स्थिती आहे. म्हणून धागा तुटत नाही. निरोप साठतात, आणि संपर्क परत आला की क्रमाने निघतात.

हा एवढासा बदल वाटतो, पण त्यात दृष्टीच पालटली आहे. रेंज जाणं ही चूक नाही, ती स्थिती आहे. मेळघाटातल्या कोणत्याही माणसाला हे सांगायची गरज नाही. भाषा घडवणाऱ्यांना तिथवर पोचायला वीस वर्षं लागली.

आणि २००६च्या सुमाराच्या त्या पहिल्या रूपात अजून एक गोष्ट होती, जी आम्हाला मोलाची वाटते. तिथे प्रत्येक चालत्या घटकाला आठ पेट्या होत्या. त्यांतल्या चार निरोपांच्या: पाठवायचे निरोप, पाठवून झालेले, आलेले आणि हाताळून झालेले. उरलेल्या चार आसपास कोण हवं आहे, कोण आलं, कोण गेलं याच्या. म्हणजे प्रोग्रामला विचारता यायचं की अमुक निरोप कुठे आहे? अजून माझ्याजवळ, की गेला? पुढे भाषेची मांडणी बदलली, सुटसुटीत झाली, आणि निरोप दूरच्या संदर्भाच्या पोटात साठू लागले. न गेलेले निरोप परत काढून घेण्याची सोय होती. पण पेट्या उघड्यावर मांडलेल्या असण्यात जो स्वच्छपणा होता, तो कमी झाला. भाषा देखणी करताना हिशेबाची वही कपाटात ठेवली गेली, असं आमचं मत आहे.

दुसरा आक्षेप मुदतीचा. निरोप कायम साठवता येत नाहीत, म्हणून अँबियंटटॉकमध्ये निरोपाला मुदत लावता येते आणि संदर्भ भाड्याने दिल्यासारखा ठरावीक काळापुरता देता येतो. मुदत संपली की धागा संपला. व्यवहाराला हे लागतंच. पण मुदत कोणाच्या घड्याळाने? ती एका यंत्राच्या घड्याळाने चालते. आणि संपते तेव्हा दुसऱ्या टोकाच्या माणसाला तेव्हा काहीच कळत नाही, कारण त्याला रेंज नाही. तो समजत राहतो की निरोप वाटेत आहे. इथे तंत्राचा प्रश्न न्यायाचा होतो.

हे किती जुनं दुखणं आहे आणि त्यावर आपल्याच बाजारपेठेत काय इलाज होता, ते आता सांगतो. अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या पेठा. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्याचा पैसा दूरच्या शहरात हुंडीने फिरायचा. हुंडी म्हणजे कागदावरचा निरोप: अमुक रक्कम अमुकाला द्यावी. वाट लांब, चोर, पाऊस, नद्या. नेटवर्क म्हणाल तर सदैव तुटकं. मग त्या व्यवहाराची भाषा कशी होती? दर्शनी हुंडी वेगळी आणि मुदती हुंडी वेगळी. दर्शनीचे पैसे कागद समोर दाखवला की द्यायचे. मुदतीचे, लिहिलेली मुदत भरल्यावर. म्हणजे वेळ कुठून मोजायची, हे हुंडीच्या जातीतच ठरलेलं. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत लिहायची, तिला पेठ म्हणायचं. तीही हरवली तर परपेठ. पेठेवर लिहिलेलं असायचं की मूळ हुंडीचे पैसे दिले नसतील तरच हिचे द्यावेत. आणि पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोखा.

संगणकवाल्यांनी कान द्यावा. तोच निरोप दोनदा आला तरी काम एकदाच व्हावं, यासाठी आज आपण जे जड शब्द वापरतो, ते सगळं पेठ या एका शब्दात होतं. बिरेल आणि नेल्सन जिथे ‘कळणार नाही’ म्हणून थांबले, तिथून सावकाराने पुढे वाट काढली होती: कळत नसेल तर पुन्हा पाठव, पण ‘ही पुन्हा पाठवलेली आहे’ असं लिहून पाठव. हुंडी ही काही न्यायाची गंगा नव्हती. ती सावकारांची भाषा होती आणि कास्तकार तिच्यात बहुधा कर्जदार म्हणूनच यायचा. पण सावकाराला स्वतःचा पैसा बुडू द्यायचा नव्हता, म्हणून त्याने तुटक्या वाटेसाठी शब्द घडवले. आज तुटक्या वाटेवर सावकाराचा पैसा नाही, कास्तकाराची नोंद आहे. शब्द घडवायची घाई कोणाला नाही, त्याचं कारण आमच्या मते इथेच आहे.

आता वेळेकडे येऊ. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की विखुरलेल्या यंत्रांत दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे नेहमी सांगताच येतं असं नाही. खात्रीने एवढंच म्हणता येतं की निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधी घडलं. हा सिद्धांत परीक्षेत येतो, विद्यार्थी पाठ करतात. पण व्यवहार काय सांगतो? पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची अट आली. राज्यात योजनेचं रूप वेळोवेळी बदललं, पण प्रश्न प्रत्येक मुदतीला लागू आहे. ७२ तास कधी संपतात? समजा, चिखलदऱ्याच्या बाजूला गारपीट झाली, कास्तकाराने त्याच दिवशी फोनमध्ये सगळं भरलं, वीज आणि टॉवर चार दिवस बंद, पाचव्या दिवशी निरोप निघाला. सर्व्हरच्या घड्याळाने तो उशिरा आला. कास्तकाराच्या घड्याळाने तो वेळेत बोलला. सर्व्हरवरच्या नोंदीला वेळेचा एकच रकाना असेल, आणि तो ‘मिळाल्याची वेळ’ असा असेल, तर निकाल प्रोग्राम लिहिण्याच्या दिवशीच लागलेला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. फोनचं घड्याळ मागे करता येतं, लोक फसवतील. बरोबर आहे. पण गंमत पाहा: जागेसाठी आपण उपग्रहावर विश्वास ठेवतो. उपग्रहाचा संकेत मोबाइलची रेंज नसतानाही मिळतो, आणि त्या संकेतात वेळही असते. जागा पुरावा म्हणून चालते, तर त्याच संकेतातली वेळ का चालू नये? जागाही फसवता येते, तरी आपण ती घेतो आणि वर तपासणी ठेवतो. वेळेलाही तेच करता येईल. दोन्ही वेळा नोंदवा, भरल्याची आणि पोचल्याची. दोहोंत अंतर असेल तर माणसाने पाहावं. यंत्राने गुपचूप एक फेकून देऊ नये.

अलीकडचा टप्पाही थोडक्यात घेऊ, कारण सध्या त्याचं कौतुक फार आहे. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी अशा माहिती-रचना मांडल्या की त्यांच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर, संपर्काशिवाय बदलल्या, तरी भेटल्यावर आपोआप एकसारख्या होतात. भांडण उरत नाही. गणित सुंदर आहे, आणि त्यावर उभ्या भाषाही आल्या. पण ‘एकसारख्या होतात’ म्हणजे ‘बरोबर होतात’ असं नाही. त्यातली सर्वांत सोपी रीत आहे: शेवटी लिहिलेलं जिंकतं. समजा, एका गटाची नोंद एका भावाने कापूस अशी केली आणि दुसऱ्याने तूर अशी. दोघेही खरे असतील, कारण वावरात कापसात तूर उभी आहे. यंत्र सांगेल, शेवटचा जिंकला, भांडण मिटलं. आपल्याकडे भाऊबंदकीत भांडण असं मिटलं तर ते मिटलेलं नसतं, दबलेलं असतं. याच शाखेत दोन्ही नोंदी सांभाळून ठेवणाऱ्या रचनाही आहेत, हे खरं. आमची टीका गणितावर नाही, सवयीवर आहे. भाषा जे सर्वांत सोपं करून देते, घाईतला प्रोग्रामर तेच उचलतो.

आणि म्हणूनच, ‘हे सगळं ॲप लिहिणाऱ्याने पाहावं, भाषेचा काय संबंध?’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. मुदतीच्या आदल्या रात्री काम उरकणारा माणूस भाषेने जे हातात दिलं आहे तेवढंच वापरतो. हातात ‘अपवाद’ दिला तर तो लाल अक्षरं दाखवतो. हातात पेठ दिली, तर तो पेठ लिहील.

तर मागणी काय? फिरत्या यंत्रांसाठी भाषा करणाऱ्यांनी निरोपाला निदान चार अवस्था भाषेतच द्याव्यात: लिहिला, निघाला, पोचला, मान्य झाला. यंत्राला पोचणं आणि कचेरीने मान्य करणं या दोन गोष्टी एका हिरव्या खुणेत कोंबू नयेत. पुन्हा पाठवलेला निरोप पुन्हा पाठवलेला म्हणून ओळखू यावा. मुदत लावताना ती कोणत्या टोकाच्या घड्याळाने, हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम पुढेच जाऊ नये. आणि मुदत संपली तर ती कोणावर संपली, त्याला रेंज आल्यावर पहिला निरोप तोच जावा.

अमरावती-अकोल्यातल्या अभियांत्रिकीच्या मुला-मुलींना एक काम सुचवतो. प्रयोगशाळेतलं वायफाय अखंड आहे, तिथे हे कळणार नाही. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातलं ॲप घ्या. अर्धी नोंद भरा, फोन विमान मोडवर टाका, नोंद पाठवा, फोन बंद करा, दुसऱ्या दिवशी चालू करा. मग ॲपला विचारा: माझा निरोप कुठे आहे? उत्तर एका वाक्यात, मराठीत, आणि धारणीत असेल तर कोरकूत देता येतं का पाहा. येत नसेल, तर कोणता शब्द कमी पडला ते लिहून काढा. त्या यादीतून भाषेच्या संशोधनाचा खरा प्रश्न निघेल, आणि तो ब्रुसेल्सपेक्षा इथे लवकर सापडेल, कारण तुटकं नेटवर्क आपल्याला तयार करावं लागत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.